तळमजल्यावर झालेली चूक

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड (पूर्व),
मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

तीर्थस्वरूप पंढरीनाथदादांस,

उत्तमचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण हल्ली आडवा झालो की उठताना पलंगाचा पाय धरावा लागतो, तेव्हा उभ्यानेच घातलेला गोड मानून घ्यावा. तब्येत कशी आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं तुमच्या भाच्याकडून, कौस्तुभकडून कळलं. (मी घरात नसतो ती वेळ साधून तुम्ही त्याला फोन करता, हेही कळलं. तक्रार नाही.) वहिनींच्या गुडघ्याला रत्नागिरीची हवा मानवत असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम. मी तर इतका ठणठणीत आहे की शरीराचं सगळं आटोपून सध्या माझ्या मनाची देखभाल चालू आहे. हसू नका. किंवा हसा, हसणं आमच्या यादीत आहे.

यादीची कथा अशी. ऑगस्टमध्ये एका दुपारी क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलीचा फोन आला. अशांना लोक दोन शब्दांत वाटेला लावतात. मी तिला गाव विचारलं. ती निघाली नागपूरची. मग तिच्या आईचा दमा, तिची घरमालकीण, डब्यातली भाजी असं करत चाळीस मिनिटं गेली आणि शेवटी ‘सर, मेरी शिफ्ट खतम हो रही है’ म्हणून तिनेच फोन ठेवला. कार्ड मी घेतलं नाही. नेमकी त्या दिवशी संचिता, तुमची भाचेसून, ऑफिसातून लवकर आली होती आणि पर्स हातात धरून दारात उभ्या उभ्या तिने हे सगळं ऐकलं होतं. चार दिवसांनी फ्रिजवर एक कागद आला. तिच्या कंपनीत माणसांना आधी बारा तास खुर्चीत बसवतात आणि मग मन निरोगी कसं ठेवावं यावर व्याख्यान देतात. त्या व्याख्यानातल्या सहा सवयी तिने मराठीत उतरवल्या, लॅमिनेट केल्या आणि चुंबकाने फ्रिजला चिकटवल्या. पोरगी मनाची फार चांगली आहे. सुलूने निवडलेली आहे, त्यामुळे त्यात माझं श्रेय काही नाही.

पहिली सवय म्हणजे सकाळी उठून खिडकीत दहा दीर्घ श्वास. आमच्या खिडकीसमोर शेट्टींचं स्वयंपाकघर आहे. चौथ्या श्वासाला सुक्या मिरचीची फोडणी आत गेली आणि उरलेले सहा मी शिंकांमध्ये पूर्ण केले. दुसरी सवय अशी की दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी संध्याकाळी वहीत लिहायच्या. मी लिहिलं: पाणी वेळेवर आलं, लिफ्ट चालू होती, वीज गेली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वीज गेली, त्यामुळे दोनच भरल्या. संचिता वही चाळून म्हणाली, बाबा, ही महापालिकेला दाखवली तर ते तुमचा सत्कार करतील. मला खरं तर दुसरंच काही लिहावंसं वाटत होतं, पण ते चांगल्या गोष्टींच्या वहीत बसणारं नव्हतं.

तिसरी सवय, रोज एका माणसाशी कामाशिवाय बोलायचं. आमच्याकडे मुर्ध्याहून विमलाबाई मासे घेऊन येतात. गेली बारा वर्षं त्यांच्याशी घासाघीस सुलू करायची आणि खायचं काम माझ्याकडे असायचं. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि यादीबरहुकूम विचारलं, की विमलाबाई, तुम्ही मनाने सुखी आहात का? त्यांनी टोपलीवरचं फडकंसुद्धा उचललं नाही. ‘कोलंबी घ्यायची हाय का न्हाय ते सांगा. सुखाचं मंग बगू.’ घेतली. मग लक्षात आलं की ती सोलता येत नाही. त्यांनीच जिन्यात बसकण मारून सोलून दिली, आणि टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाल्या, ‘ताई गेल्यापासून तुमच्या दारात टोपली उतरवायचं मन व्हत न्हाय.’ त्यानंतर चार दिवस मी ही सवय पाळली नाही.

चौथी सवय मनमोकळं हसण्याची. त्यासाठी संचिताने माझं नाव बागेतल्या हास्यक्लबात घातलं (मुलांचं बालवाडीत घालतात तसं, मला न विचारता). तिथला रिवाज असा की एकमेकांना भेटल्यावर नमस्कार नाही, रामराम नाही. दोन्ही हात आकाशाकडे करायचे आणि पोटातून ‘हो हो, हा हा हा’ असा आवाज काढायचा. पंधरा दिवस मी नुसते हात वर केले. बाकीच्यांचा आवाज एवढा की माझ्या तोंडून काही निघत नाही, हे कुणाला कळलं नाही. ऑक्टोबरात क्लबचा वर्धापनदिन आला. रविवारी सकाळी दहा वाजता, स्टेशनकडच्या हॉलमध्ये, पांढरे कपडे घालून या, असं सांगितलं होतं. त्या इमारतीत हॉल दोन आहेत, एक तळमजल्यावर आणि एक पहिल्या मजल्यावर. माझ्या गुडघ्यांनी तळमजला निवडला.

आत शंभरेक माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, गाद्यांवर मुकाट बसलेली. समोर एका गृहस्थांचा मोठा फोटो, चंदनाचा हार घातलेला, आणि फोटोतला माणूस दात दाखवून खळखळून हसतोय. मी धरून चाललो की हे आपल्या क्लबचे दिवंगत संस्थापक. इतकं मोकळं दुसरं कोण हसणार? बाकीचे गंभीर का, तर कार्यक्रम अजून सुरू व्हायचाय. फोटोशेजारी चारपाच जण हात जोडून उभे होते. मी मनाशी म्हटलं, उत्तम, आज तरी लबाडी करायची नाही. आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांपुढे जाऊन दोन्ही हात वर केले आणि पोटातून ‘हो हो’ काढलं.

दादा, ‘हा हा’ निघालंच नाही. त्या माणसाचे डोळे दिसले. तसले डोळे मी दहा महिने दाढी करताना आरशात पाहत होतो आणि दर वेळी साबणाकडे बघून टाळत होतो. फोटोखाली दोन तारखा होत्या, त्या मला मग दिसल्या. ते कुणा रसिकभाईंचं बेसणं होतं. (गुजराती लोकांत माणूस गेला की अशी बसायची वेळ ठेवतात. यायचं, फोटोला हात जोडायचे, पाच मिनिटं गप्प बसायचं आणि जायचं. चहा नाही, पाणी नाही, धीर धरा म्हणून भाषण नाही.) माझे हात अजून वरच होते. ‘हा हा’च्या जागी जे बाहेर आलं ते रडणं होतं, आणि ते काही केल्या थांबेना. ज्याचं तोंड जन्मात पाहिलं नाही अशा माणसाच्या फोटोपुढे मी हुंदके देऊन रडलो. त्या गृहस्थांनी मला धरून खाली बसवलं. ते जयंतीभाई, गेलेल्या रसिकभाईंचे धाकटे भाऊ. कानाशी येऊन त्यांनी विचारलं, ‘आप रसिकभाई को कब से जानते थे?’ मी म्हटलं, ‘मेरी मिसेस चली गयी.’ ते माझा हात धरून बसून राहिले. पाच मिनिटांच्या जागी मी दीड तास बसलो. वरच्या मजल्यावरून आमच्या क्लबचं हसणं ऐकू येत होतं आणि खालची मंडळी छताकडे बघून नापसंतीने मान हलवत होती. त्यांच्याबरोबर मीही हलवली.

तिथे बसल्या बसल्या मला सुलूचा तेरावा आठवला. त्या दिवशी मी काय करत होतो ते तुम्ही पाहिलंत. पानं मोजत होतो, सिलिंडर बदलत होतो, वॉचमनला गाड्या कुठे लावायच्या ते सांगत होतो. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, उत्तमराव, तुम्ही नवरा आहात की केटरर? आणि मीही सगळ्यांदेखत म्हणालो, बहीण सहा महिने अंथरुणाला खिळली होती आणि तुम्ही दोनदा आलात, तुम्ही भाऊ आहात की पाहुणे? तुम्ही भरल्या पानावरून उठून गेलात. दादा, मी पानं मोजत होतो, कारण मोजणं थांबवलं असतं तर माझं काय झालं असतं ते मला त्या रविवारी तळमजल्यावर कळलं. आणि तुम्ही का येत नव्हतात तेही आता कळतंय. जिला कडेवर घेऊन फिरवलं तिला तसं पडलेलं बघवत नसणार. मी बोललो ते चुकलं. तुमचंही चुकलं, पण ते तुमचं तुम्ही बघा.

पाचवी सवय चालण्याची. ती आता आपोआप लागली आहे, कारण संध्याकाळी जयंतीभाई येतात आणि आम्ही फिरायला जातो. ते गुजराती मिसळलेल्या हिंदीत रसिकभाईंबद्दल बोलतात, मी मराठी मिसळलेल्या हिंदीत सुलूबद्दल. दोघांनाही निम्मंच कळतं, पण तेवढं पुरतं. एकदा मी त्यांना खरं सांगून टाकलं, की त्या दिवशी मी हसायला आलो होतो. ते चालता चालता थांबले. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, हे आमच्या रसिकभाईला कळलं असतं तर तो हसून हसून लोळला असता. आणि ते स्वतःच भर रस्त्यात, कंपाउंडची भिंत धरून हसायला लागले. मीही हसलो, चांगला आवाज काढून. घरी येऊन वहीत लिहिलं: आज सुलूबद्दल बोललो. आज हसलो. लिफ्ट बंद होती.

पत्र फार लांबलं. वहिनींना नमस्कार सांगा आणि डोळ्यांत औषध वेळेवर घाला.

तुमचा,
उत्तम

ता. क. दर वर्षी तुम्ही मुंबईच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर कुळथाचं पीठ पाठवायचात आणि मी पहाटे काशिमिऱ्याच्या नाक्यावर उभा राहून डबा उतरवून घ्यायचो. यंदा डबा आला नाही. संचिता दुकानातून पीठ आणते. तिला सांगू नका, पण त्याचं पिठलं नुसतंच तपकिरी होतं.

ता. क. दुसरा. सहावी सवय सांगायची राहिली. ज्याच्याबद्दल मनात राग साठला आहे त्याला सगळं पत्रात लिहून काढायचं आणि ते पत्र फाडून टाकायचं, म्हणजे मन हलकं होतं. हेच ते पत्र. राग काढायलाच बसलो होतो, पण बेसण्यापर्यंत आलो आणि तो कुठे गेला ते कळलं नाही. संचिता शिस्तीची आहे, संध्याकाळी आल्यावर तुकडे दाखवा म्हणेल. त्यासाठी मी विजेचं जुनं बिल फाडून ठेवलं आहे आणि हे पोस्टात टाकायला निघालो आहे.

ता. क. तिसरा. पुढच्या महिन्यात सुलूचं वर्षश्राद्ध. पीठ बसबरोबर पाठवू नका, घेऊन या. आल्यावर तुम्ही काही बोलायचं नाही, मीही बोलणार नाही. पाच मिनिटं तिच्या फोटोसमोर माझ्या शेजारी बसा. पाच मिनिटांनी उठून जायचं ही रीत जयंतीभाईंकडची. आपल्याकडे जेवून उठतात, आणि तुमचं एक पान गेल्या वर्षीचं राहिलं आहे.