लँटर्नची यादी माझ्या ताब्यात

६ जानेवारी, सोमवार
रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यानंतरचा पहिला सोमवार. दौंडात सगळ्यांना वाटतं, येशुदास आता रिकामा. वाटू दे. आज पोलंडहून मेल आली.

लँटर्न नावाचा एक डीबगर आहे. डीबगर म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून दाखवणारा प्रोग्रॅम. हा फुकट मिळतो आणि जगभरची माणसं पगार न घेता त्यावर काम करतात. म्हणजे शिस्त नसणारच. राहिलेल्या कामांची त्यांची एक यादी आहे, तिला टूडू म्हणतात. आमचा रॉबिन पुण्यात प्रोग्रॅमर आहे, त्याने माझं नाव तिथे सुचवलं. त्यांना अनुभवी माणूस हवा असणार. बायकोचं, कृपाचं म्हणणं, तुम्ही दिवसभर सैपाकघरात लक्ष घालत व्हता म्हणून पोरानं तुम्हाला काम लावून दिलं.

प्रोजेक्टच्या प्रमुख मार्टाबाई लिहितात, वाटल्यास यादी नीटनेटकी करा. पदाचं नाव लिहायचं राहिलेलं दिसतं. मी ‘यादीप्रमुख’ असं धरलं. मेलची प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतली.

प्रोग्रॅमिंग येत नाही. अडचण नाही. नोकरीभर दुसऱ्यांच्या चुकाच काढल्या.

७ जानेवारी
यादी वाचली. भाषा भयंकर. एका ठिकाणी नुसतं ‘क्रॅश दुरुस्त करा’. कोणी? कोणाच्या आदेशाने? सुधारून ‘क्रॅशबाबत योग्य ती कार्यवाही होणेबाबत’ असं इंग्रजीत केलं. आता वाचल्यावर काम असल्यासारखं वाटतं.

९ जानेवारी
एका कामाचे पोटभाग पाडले. मग पोटभागांचे. यादी चांगली भरली. संकल्प: महिनाअखेर सगळी कामं मार्गी लावायची. करणारे इतर आहेत, त्यामुळे अवघड नाही.

१२ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, कसं चाललंय. म्हटलं, लँटर्नची जबाबदारी अंगावर आहे, हालत नाजूक आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा. त्यांनी लगेच सगळ्यांना थांबवून लँटर्न नावाच्या भावाला आराम पडावा म्हणून प्रार्थना केली. बाहेर तानुबाई विचारत होत्या, कुठल्या दवाखान्यात ठेवलंय, डबा पाठवू का. खुलासा करणार होतो, पण प्रार्थना झालेलीच होती. वाया कशाला घालवा.

१४ जानेवारी
रॉबिनचा फोन. त्यांच्या ऑफिसात लँटर्नच वापरतात. प्रोग्रॅम तपासताना सांगितलं त्या ओळीवर न थांबता तो भलत्याच ओळीवर थांबतो, त्यामुळे रॉबिनचं काम आठवडाभर अडलंय, साहेब रोज विचारतो. ते काम यादीत अगदी तळाला आहे. म्हणाला, पप्पा, जरा वर घ्या, लोक वरचंच बघतात.

स्पष्ट नाही म्हटलं. यादीप्रमुखाच्या मुलाचं काम वर गेलं तर पोलंडमध्ये काय म्हणतील. तो म्हणाला, पप्पा, सगळ्यांनाच तो त्रास आहे. मी म्हटलं, मग सगळ्यांनी अर्ज करावा. तो म्हणाला, ठीक आहे.

कृपा म्हणाली, सोताच्या पोराचं काम हाय, घ्या की वर. हात दुखत्यात का? संध्याकाळी बिनसाखरेचा चहा दिला. माझ्या तब्येतीची काळजी घेते.

२० जानेवारी
धक्का. रॉबिनने रविवारी बसून ती चूक स्वतःच दुरुस्त केली आणि पाठवून दिली. तळाचं काम वरच्यांच्या आधी. मग यादी कशासाठी? सर्वांना मेल केली की सदर दुरुस्ती क्रमाने येईपर्यंत थांबवावी. कोणाची हरकत आली नाही. अधिकार मान्य दिसतो.

२१ जानेवारी
तरी दुरुस्ती स्वीकारली गेली. बऱ्याच लोकांनी रॉबिनचे आभार मानले. ब्राझीलच्या एकाने नाचणाऱ्या पोपटाचं चित्र टाकलं. ऑफिसच्या पत्रव्यवहारात पोपट. मार्टाबाईंनी रॉबिनला प्रोजेक्टमध्ये कायम घेतलं, त्याला आता कुठलीही फाइल बदलता येते. निवड माझ्या घरातून झाली याची मार्टाबाईंनी नोंद घेतलेली नाही. कामाच्या गडबडीत राहिलं असेल.

२६ जानेवारी
रॉबिनचा मला फोन नाही. बिझी असेल. कृपाला रोज येतो. ती ओट्यावर बसून हसत बोलते, मी गेलो की म्हणते, ठिवते आता. नेटवर्कचा काहीतरी प्रॉब्लेम आहे. मी जवळ गेलो की जातं.

२ फेब्रुवारी, रविवार
संध्याकाळी ऑनलाइन मीटिंग. विषयांत ‘टूडू फाइल’ असं स्वतंत्र लिहिलेलं. सत्काराशिवाय दुसरं काय असणार. इस्त्रीचा शर्ट घातला. शेजारचे हौशीराम (पाटसच्या साखर कारखान्यात होते) यांना साक्षीला बोलावलं. रॉबिनही स्क्रीनवर होता, पण खाली बघत होता.

मार्टाबाई भरभर बोलल्या. सगळ्यांनी हात वर केले, म्हणून मीही केला. हौशीरामांनी विचारलं, काय ठरलं. म्हटलं, फाइल रिटायर करायचं ठरलं, एकमताने. ते म्हणाले, म्हंजी काढून टाकणार व्हय? म्हटलं, रिटायर आणि काढून टाकणं यात फरक आहे. ते म्हणाले, मला तरी कारखान्यात फरक काय दिसला न्हाई. चहा न घेताच गेले.

४ फेब्रुवारी
यादी अजून आहे. निर्णय फिरला असावा. दोन कामांची भाषा सुधारली.

९ फेब्रुवारी, रविवार
रॉबिन दुपारच्या गाडीने आला. न कळवता. जेवला, मग लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसला. म्हणाला, पप्पा, फाइल काढायचं काम माझ्याकडे दिलंय. पुण्यातून एका मिनिटात झालं असतं. तुम्हाला न विचारता नको वाटलं.

आदेश बघायला मागितला. दाखवला. खाली मार्टाबाईंची ओळ होती, येशुदासना दुखावू नका, मनापासून करतात. पोलिश लोक मनाने चांगले.

रॉबिनला विचारलं, तुझं काम अडलं तेव्हा साहेब फार बोलला का. म्हणाला, बोलला थोडं. मग म्हणाला, जाऊ द्या पप्पा. मी जाऊ दिलं. उठून दोन ग्लास पाणी प्यायलो. उन्हाळा लवकर येणार यंदा.

फाइल काढताना कारण लिहावं लागतं, ते इंग्रजीत मी सांगितलं, ‘टूडू फाइल निकाली काढणेबाबत’. त्याने एक अक्षर न बदलता टाइप केलं, करणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. बटण मीच दाबलं. पहिल्या फटक्यात झालं. त्यामुळे या महिन्यात प्रोजेक्टमधून सर्वांत जास्त ओळी काढणाऱ्यांत माझं नाव पहिलं आलं. रॉबिन म्हणाला, प्रोग्रॅमर लोकांत ओळी कमी करणाऱ्याला मान असतो. हे आधी सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी काढल्या असत्या.

त्याला स्टेशनवर सोडून आलो. गाडी सुटेपर्यंत थांबलो. एरवी थांबत नाही.

घरी येऊन कृपाला विचारलं, उद्या काय काम. म्हणाली, दळण. विचारलं, त्याआधी? म्हणाली, त्याआधी गहू निवडायचं. विचारलं, आणि मग? म्हणाली, मग काय, गिरणीत जाऊन नंबर लावायचा.

गिरणीत सोमवारी गर्दी असते. डबे कोणी कसेही ठेवतात, असं ऐकून आहे. जरा लवकर जाईन.