ग्रहणाच्या आदल्या दिवशी

प्रिय सुलभा,

उद्या चंद्रग्रहण आहे आणि आपली चित्रा बघायला येणार म्हणते. सहावा महिना चालू आहे तिला. म्हणून लिहायला बसलो. नाहीतर गेल्या पावसाळ्यात तू गेलीस तेव्हापासून मी तुला दोन ओळीही लिहिल्या नाहीत, आणि त्यावरून तू वर बसून रुसली असशील. 'वर' म्हटलेलं तुला चालायचं नाही. मंडळात कुणी असं बोललं की तू विचारायचीस, वर म्हणजे नेमकं किती किलोमीटर? बरं बाई, जिथं असशील तिथं.

चंद्र उद्या ग्रहण लागलेलाच उगवणार आहे. शाळेच्या गच्चीवरून छान दिसेल. मंडळाच्या हमीदभाईंनी दुर्बीण पुसून ठेवली आहे. आपलं आकाशदर्शन मंडळ म्हणजे आता आम्ही चार म्हातारे आणि मोबाईलवर फोटो काढणारी पोरं, पण तुझा नियम कुणी मोडलेला नाही. ग्रहणात दुर्बिणीतून पहिल्यांदा बघायचं ते गरोदर बाईनं. कुणीच आली नाही तर तू अख्खी रांग थांबवून ठेवायचीस. लोक चुळबुळ करायचे आणि तू म्हणायचीस, थांबा, एखादी वाटेत असेल. कितीदा कुणी वाटेत असायचं, सांग?

पहिली तूच. त्या दिवाळीतलं सूर्यग्रहण, चित्रा पोटात, सातवा महिना. आम्ही आरशातून शाळेच्या भिंतीवर सूर्याचं बिंब पाडलं होतं आणि तू अर्ध्या उदगीरच्या देखत सुरीनं पेरू कापून, तिखटमीठ लावून खाल्लास. ग्रहणात पोटुशीनं काही चिरलं-कापलं की बाळाचा ओठ फाटतो म्हणतात, म्हणून मुद्दाम सुरी. नुसता खाल्ला असतास तरी चाललं असतं की! पण नाही. आणि खरं सांगू, मला तुझा केवढा अभिमान वाटला होता!

मग चित्रा जन्मली. वरचा ओठ दुभंगलेला.

माझी आई तिला मांडीवर घेऊन म्हणाली, "एका पेरूपायी लेकराचं तोंड फाडलं हिनं." तू बाज धरून उठून बसलीस आणि त्याही अवस्थेत समजावायला लागलीस. ओठ पहिल्या दोनेक महिन्यांतच जुळतो, डॉक्टरांनी सांगितलंय, ग्रहण आलं तेव्हा तो कधीच घडून गेला होता. आई ऐकत नव्हती. बारशाला आलेल्या बायकाही ऐकत नव्हत्या. ऑपरेशन झालं, ओठावर बारीक रेघ तेवढी राहिली. पुढच्या ग्रहणाला तू चित्राला कडेवर घेऊन माईकसमोर उभी राहिलीस आणि तेच पुन्हा सांगितलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन आपापल्या सुनांना कोंडून घातलं.

एक विचारायचं राहून गेलं गं. चित्राला ओढून पिता यायचं नाही, तू चमच्यानं दूध पाजत बसायचीस. तेव्हा एकदा तरी तुझ्या मनात आलं का, की तो पेरू खाल्ला नसता तर? तू कधी बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, हे माझ्याच मनात आलंय. आलं होतं. सगळं शास्त्र तोंडपाठ असून आलं होतं. अजूनही येतं. याला औषध काय, ते तू न सांगताच गेलीस.

आता पुढचं ऐक. मागच्या आठवड्यात चित्राची सोनोग्राफी झाली. बाळाचं सगळं ठीक आहे, पण त्यानं तोंडावर हात धरला होता. कितीदा पोट हलवून बघितलं, हात काढेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लाजतंय, दोन आठवड्यांनी परत या. घरात आधी कुणाचा ओठ असा असेल तर थोडी शक्यता असते, पण घाबरू नका, आता उपचार चांगले आहेत, असंही म्हणाल्या. आणि मधेच हे ग्रहण!

काल चाकूरहून विहीणबाईंचा फोन आला. त्या वाईट बोलल्या नाहीत. "एकदा पोळलंय तुमचं घर. पोरीला उद्या-परवा भाईर काढू नका," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, हो हो, घरातच राहील. मी! मंडळाचा सचिव! शाळाशाळांतून ग्रहणावर भाषणं ठोकणारा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, तू हसली असशील.

चित्रा दारात उभी होती, तिनं ऐकलं. भांडेल वाटलं होतं. ती शांतपणे समोर येऊन बसली. बाळाचा ओठ घडायचा तसा घडला असेल, ग्रहणातला चंद्र त्याला काय करणार, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. मग त्यांना हो का म्हणालात? तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. मला चंद्राची भीती नाही वाटत. पण पुढच्या आठवड्यात काही निघालं, तर लोक ग्रहणाच्या दिवसावर बोट ठेवतील आणि तुझ्या आईसारखी तूही जन्मभर उत्तरं देत बसशील.

तिनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "मला बी लई भीती वाटायलीय, अप्पा. पण मी घरात बसले अन् लेकरू चांगलं निघालं, तर सगळे म्हणतील बसली म्हणून निघालं. मंग आईनंच माझा ओठ फाडला असं ठरतं की न्हाई? ते मी होऊ देणार न्हाई."



आज सकाळी हमीदभाईंना सांगून आलो, उद्या पहिल्यांदा आमची चित्रा बघणार. खुर्चीची सोय करतो म्हणाले. मग विहीणबाईंना फोन केला. काल मी खोटं बोललो, पोरगी येणार आहे, असं सांगितलं. त्यांनी फोन ठेवून दिला. जावईबापू काय म्हणतात ते अजून कळलेलं नाही. माझी भीतीही गेलेली नाही, तुझ्यापाशी कशाला लपवू?

पण एक शब्द देतो. पुढच्या आठवड्यात बाळ हात बाजूला करील आणि जे दिसायचं ते दिसेल. ओठ कसाही असो, उद्याच्या संध्याकाळशी त्याचं नातं मी कुणाला जोडू देणार नाही. तुला सगळ्यांना एकटीनं उत्तरं द्यावी लागली. चित्राकडे येतील त्यांना आधी मी दारात भेटेन. आणि तो प्रश्न माझ्याच मनातून उठून आला, तर त्यालाही दारातूनच परत पाठवीन.

तुझाच,
दिगंबर