दीड सेकंदाचं दार

ल्युंगहुल्ट,
गुरुवार, ९ मे १९६३

आदरणीय सिग्ने आत्या,

परवा मंगळवारी सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी मी मुख्य अभियंता लिलियेब्लाड यांना ‘ए, सरक तू’ म्हणालो आणि तिथून पुढे माझं सगळंच बदललं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही निदान बसून वाचाल. आता रीतीप्रमाणे: तुमचा गुडघा कसा आहे? तळघरातले बटाटे मोडावले नाहीत ना? तुमच्याकडचा नवा पाद्री तुम्हाला नावाऐवजी अजून काकांच्या पदवीनेच हाक मारतो, की तोही आधुनिक झाला? मी खुशाल आहे. दोन्ही भुवया शाबूत आहेत, आणि आमच्या खात्यात ही सांगण्यासारखी गोष्ट आहे.

मी कॉलेज सोडल्याचा राग तुमच्या मनात अजून आहे, हे ठाऊक आहे. पण आत्या, गोथेनबर्गला आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर रबर मळायचं यंत्र काढलं, त्याच्या बुडाशी एक बाण काढला आणि सांगितलं, इथून माल बाहेर पडतो. मी विचारलं, कसा? ते म्हणाले, खाली. या माणसाच्या हाताखाली आणखी अडीच वर्षं काढणं माझ्या स्वभावात नव्हतं. (खरं कारण डाग्नी, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण बाणही होता.) मागच्या उन्हाळ्यात मी इथे सुट्टीपुरता कामाला आलो. प्रयोगशाळेतली एक मुलगी पत्र्याची ताटली घेऊन खाली आली, नमुन्यासाठी मी तिला गरम रबराची पट्टी कापून दिली, आणि कॉलेज उघडून महिना झाला तरी मी आपला पट्ट्याच कापत होतो. ती मुख्य अभियंत्यांची मुलगी आहे हे मला सातव्या पट्टीला कळलं. तोवर उशीर झाला होता.

तर तो बाण. आमचं यंत्र वरच्या मजल्यावर आहे. त्याच्या पोटात दोन जाडजूड पिळदार रूळ फिरतात, वरून दट्ट्या दाबतो, आणि रबर, काजळी, तेल असं सगळं चार मिनिटांत मळून नव्वद किलोंचा काळा, धुमसणारा गोळा होतो. त्याला आम्ही घाणा म्हणतो. घाणा तयार झाला की यंत्राचं बूड उघडतं आणि तो खालच्या मजल्यावर माझ्यासमोरच्या रुळांवर येतो. आजवर हे बूड म्हणजे सरकतं दार होतं. वरून एवेर्ट घंटा वाजवायचा, दार खुराड्याच्या फळीसारखं कुरकुरत बाजूला जायचं, फट रुंदावेल तसा घाणा आधी जीभ काढायचा, मग लोंबायचा, मग तुकड्यातुकड्यांनी खाली यायचा. कडेला अडकलेला मी गजाने ओढायचो. दहा सेकंद सहज जायची. तेवढ्यात तपकिरीची चिमूट ओठाखाली सारून बाजूला होता यायचं, आणि तेही न धावता.

मुख्य अभियंत्यांना हे खटकत होतं. कडेला राहिलेला माल पुढच्या घाण्यात जातो, वेळ जातो, आणि तो गज हातात धरलेला मी, सिक्स्टेन हालीन, रोज दिसतो (हे ते बोलले नाहीत). त्यांनी हिवाळाभर बसून पडतं दार आणवलं. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला खिटी. खिटी सुटली की अख्खं बूड खाली झुलतं आणि घाणा एका ढेकळात, दीड सेकंदात पडतो. कुठे काही चिकटत नाही. आत्या, मी त्या माणसावर कितीही चिडलेला असलो तरी सांगतो, दार देखणं आहे. पहिला घाणा पडला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि असं काम कागदावर नव्हे, माझ्या डोळ्यांसमोर होतंय याचा मला फार अभिमान वाटला.

मंगळवारी ते स्वतः खाली आले. पाचव्या घाण्याच्या वेळी बिजागरी बघायला हातात विजेरी घेऊन थेट त्या दाराखाली वाकले. दार त्यांनीच आणवलेलं, सेकंदांचा हिशेबही त्यांचाच, पण चौतीस वर्षांची सवय त्यांच्या पायांत होती, आणि ते पाय सरकत्या दाराचे होते. घंटा झाली. ते हलले नाहीत.

आता तुम्हीच मला काय शिकवलंत ते आठवा. मोठ्या माणसाला ‘तू’ तर नाहीच, ‘तुम्ही’सुद्धा नाही. त्याचं पद घ्यायचं, आडनाव घ्यायचं आणि तो शेजारच्या खोलीत बसला आहे अशा अदबीनं त्याच्याशी बोलायचं. मी तसंच बोलायला लागलो होतो, देवाशपथ. ‘मुख्य अभियंता लिलियेब्लाड कृपा करून उजवीकडे दोन पावलं सरकतील का’ हे वाक्य मी नंतर घड्याळ लावून म्हणून पाहिलं, साडेपाच सेकंद लागतात. ‘मुख्य अभि’पर्यंत आलो आणि वर खिटीचा आवाज ऐकला. उरलेलं वाक्य गिळलं, ‘ए, सरक तू’ म्हणालो आणि त्यांना खांद्याने ढकललं. ते काजळीच्या पोत्यांवर जाऊन बसले. ते जिथे होते तिथे घाणा होता.

ते उठले, कोट झटकला (काजळी झटकून जात नाही, पसरते), माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “हालीन आणि मी, आम्ही पदव्या बाजूला ठेवून ‘तू’वर कधी आलो?”

वरून कठड्यावर ओणवा झालेला एवेर्ट म्हणाला, “पोरा, पुढच्या वेळी आधी अर्ज दे.”

मग ते बूट वाजवत निघून गेले. दुपारी चिठ्ठी आली: शुक्रवारपर्यंत लेखी माफी, नाहीतर हालीनची बदली रबरी बुटांची खोकी भरण्यावर. आणि रविवारी त्यांच्या घरी जेवायला माझं पहिलंवहिलं बोलावणं होतं, ते रद्द. डाग्नीने ते महिनाभर खपून मिळवलं होतं.

मी माफी मागणार नाही. हे मी एवेर्टला, खात्याला आणि माझ्या घरमालकिणीला सांगितलं आहे. डाग्नीलाही सांगितलं. ती म्हणाली, “बाबा जिवंत आहेत म्हणून मी तुला खिडकीतून फेकत नाहीये, एवढं लक्षात ठेव. घरी ते गेले दोन दिवस फक्त ताटातल्या हेरिंग माशाकडे बघून जेवतायत.” मग तिने विचारलं, “तुला अभिमान कशाचा आहे रे? त्यांना वाचवल्याचा, की ‘तू’ म्हणाल्याचा?” मी खोटं बोलत नाही, आत्या. म्हणालो, दुसऱ्याचा जरा जास्त. ती हसली नाही. पण ताटली पुढे केली, आणि मी पट्टी कापून दिली.

माझी बाजू तुम्हाला पटेल अशी आशा आहे. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक (तुमच्यापुरता) भाचा,
सिक्स्टेन

ता. क. आत्ताच फलकावर मुख्य अभियंत्यांच्या सहीची सूचना लागली. उद्यापासून घंटेनंतर सात सेकंद खिटी सुटणार नाही. कारण दिलंय: ‘खालच्या व्यक्तीस योग्य शब्दांत सूचना देता यावी म्हणून.’ साडेपाच सेकंदांचा आकडा मी एवेर्टला सांगितला होता. म्हणजे तो माणूस माझ्या शब्दावर यंत्र थांबवतो, पण माझ्याशी बोलत नाही. आता त्या दाराखाली कोणी मरणार नाही. त्यात माझे साडेपाच आहेत, दीड त्यांचे.

ता. क. २. मुख्य मुद्दा राहिला. पदव्या बाजूला ठेवू या, हे मोठ्यानंच म्हणायचं असतं, धाकट्यानं नाही. इथे त्यांच्यापेक्षा मोठं कोणी नाही. तुम्ही आहात: वयाने, आणि काकांच्या पदवीने. रविवारी अकराच्या गाडीने याल का? येताना ती गोड दारूची बाटली आणा. त्यांच्याबरोबर ग्लास उंचावून तुम्ही म्हणा की आजपासून आपण सगळी एकमेकांना ‘तू’ म्हणू, आणि ‘सगळी’ म्हणताना माझ्याकडे बघा. मंगळवारच्या माझ्या बोलण्यात मग काहीच वावगं उरणार नाही, फक्त पाच दिवस आधी बोललो एवढंच.

ता. क. ३. डाग्नी इथे बसून हे सगळं वाचते आहे. म्हणते, तुझी आत्या रविवारी येईल, पण शुक्रवार उद्याच आहे. शिवाय बाबा आत्ता घरी एकटे आहेत, आणि त्यांनी दोनदा विचारलं की त्या मुलाचा खांदा दुखावला का. हे ती आत्ता सांगते आहे. तर मी जातो. माफी मागायला नाही. त्यांच्या मुलीला मागणी घालायला. त्या वेळी डोक्यावर काही पडायचं नाहीये, म्हणून त्यांचं पूर्ण पद, पूर्ण आडनाव घेऊन, एकही अक्षर न गिळता विचारणार आहे. कितीही सेकंद लागोत. तरी तुम्ही याच. पत्र डाग्नीच्या हातात देतोय, ती टपालात टाकेल. टोपी घातली. निघालो, दार ओढून घेतो.