शेवटच्या टॅबमधला माणूस

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज कामाचा पहिला दिवस, मस्त गेला. तौहीदभाईंचं ऑफिस करंजाड्याला, तळमजल्यावरच्या टू बीएचकेत. बेडरूममध्ये आमी टेस्टिंगवाले. एसी आहे, खुर्ची गोल फिरते. मला वाटलं नववीनंतर शाळा का सोडली ते विचारतील. नाही विचारलं. तौहीदभाई बोलले, कॉम्प्युटर मार्कशीट मागत नाही, तू पण दाखवू नको.

शिकवायला संघमित्राताई आहेत. सोसायट्यांची एक साइट आहे. कुठल्या घरात कोण राहतं, पाहुणा कोण आला, गेला का, सगळं त्यात. ती नीट चालते का ते बघायचं, पण हाताने नाही. आपण स्क्रिप्ट लिहून द्यायची, मग ब्राउझर स्वतःच उघडतो, स्वतःच क्लिक करतो. प्रत्येक माणसाचं पान वेगळ्या टॅबमध्ये. मी नुसती बघतच बसले. ताई बोलल्या, तू एवढी गप्प, तुझ्यापेक्षा हे मशीन जास्त बोलतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

टेस्टला एक खोटं कुटुंब लागतं. ताईंनी स्वतःला टाकलंय आणि नवऱ्याला, धनेशला. बोलतात, घरी ऐकत नाही, इथे तरी क्लिक केलं की हलतो. मला खोटी नावं सुचेनात, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मग आमचंच घर टाकलं. बाबा, आई, मी आणि कुंदन. कुंदन माझा भाऊ, तिसरीत आहे. वरून एक पाहुणा टाकला. त्याचं नावच ठेवलं पाहुणा.

काम असं, की घरच्यांच्या टॅब उघडायच्या, मग पाहुण्याची. पाहुण्याला घरातून काढायचं आणि त्याची टॅब बंद करायची. ताई बोलल्या, प्रत्येक टॅबला मशीन एक लांबलचक नाव देतं, ते नाव पकड, नंबरावर जाऊ नको, रांग कधीपण बदलते. मी हो बोलले. नाव पकडायचं कसं ते कळलं नव्हतं, पण परत विचारायची लाज वाटली. मी लिहिलं, शेवटच्या टॅबमधल्या माणसाला काढ. चाललं पण. हिरवं आलं. हिरवं म्हणजे पास.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तौहीदभाईंनी माझी स्क्रिप्ट मोठ्या मशीनवर टाकली. आता ती रोज जेवणाच्या सुट्टीनंतर आपोआप चालणार, दर वेळी नवा पाहुणा टाकून. मी मागे उभी राहून बघितलं. हिरवं आलं. पण पाहुण्याची टॅब उघडीच राहिली. रांग बदलली होती, बंद झाली ती बाबांची.

नावड्याला घरी आले तर बाबांच्या जागेवर एक माणूस जेवत होता. आई बोलली, पावना हाय, भाकर वाढ त्याला. मी विचारलं बाबा कुठे आहेत. आई बोलली, कोन बाबा गो. मस्करी नव्हती. ती कालवणाचं मीठ बघत होती.

त्या माणसाला चेहरा आहे. पण नजर काढली की आठवत नाही.

मी भाकरी वाढली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

हिंमत करून ताईंना सांगितलं. त्या बोलल्या, तूच तर बोललीस ना, घरी तिघंच आहात.

तौहीदभाईंना बोलले, स्क्रिप्ट बंद करा. ते बोलले, हिरवं येतंय, मग टेन्शन कसलं. मोठ्या मशीनवर माझा पासवर्ड चालत नाही. मग ते हसत बोलले, पोरी, तू एवढं भारी काम केलंस की आता इथे माणूसच नको, उद्यापासून नाही आलीस तरी चालेल.

मी थँक्यू बोलले.

आज रांग बरोबर पडली होती, नवा पाहुणाच गेला. पण पहिला घरीच आहे. उद्याचं माहीत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आई गेली. मी भांडी घासत होते, मागे वळले तर –

दोन पाहुणे. कुंदन त्यांच्या मधे बसून टीव्ही बघतोय. आईला हाक मारली नाही त्याने. त्याला आई हा शब्दच –

रडू येत नाही. भात लावला. दोघं जेवले.

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळ

साइट मोबाइलवर उघडते. घरचे म्हणून चार नावं. कुंदन, मी, पाहुणा, पाहुणा. त्यांना काढायला गेले तर बटणच नाही. साइट त्यांना घरचेच समजते.

दुपारी परत चालेल. कुंदन नाहीतर मी.

कुंदनच्या नावापुढे एक बटण आहे, घर बदला. माझ्या नावापुढे नाही. ताईंनी साइटवर टाकलेल्या त्यांच्या घरात मशीन नाव पकडून काढतं. तिथे चुकीचा माणूस जात नाही. पण तिथे गेला की तो त्यांचा.

कुंदनचे केस विंचरले. तो वैतागला, बोलला, ताय, लहान हाय का मी. मग बटण दाबलं.

तो उठला. माझ्याकडे बघून नीट विचारलं, दीदी, करंजाड्याची रिक्षा कुठे मिळेल, मम्मी ओरडेल.

रिक्षात बसवलं. ताईंना फोन केला. त्या बोलल्या, तुला कुठे सापडला गं आमचा कार्टा, सकाळपासून शोधतेय. पोचल्यावर त्यांनी मेसेज केला. हात धुऊन जेवायला बसलाय बोलल्या.

बरं झालं.

दुपार

जेवणं झाली. पाहुणे उठत नाहीत. दोघं माझ्याकडे बघतायत, पहिल्यांदाच –

खऱ्या घरच्यांची टॅब उरली ती माझीच. पहिली पण, शेवटची पण.

ताईंना एक सांगायचं राहिलं – कुंदनला मासा काटे काढून द्यायचा, तो तसाच गिळ