वाचून दाखवायचं राहिलं

बाई, तुम्ही दिलेलं घडीचं स्टूल अजून माझ्याकडे आहे. गाडीच्या डिकीत, स्टेपनीशेजारी पडलेलं असतं. वरचं कापड एकदा बदलून घेतलं, पाय मात्र तेच, तुमच्या वजनानं जरासे फाकलेले. तुमच्या वजनाबद्दल बोलायचा धीर मला आत्ता होतोय, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. तुम्ही समोर असताना माझी जीभ टाळूला चिकटायची. लोकांच्या बोलण्याचा अभ्यास करणारी मुलगी आणि स्वतःच्या गाइडसमोर मुकी, म्हणून विभागात सगळे चिडवायचे मला.

माझं बरं चाललंय. शेंद्र्याच्या, वाळूजच्या कंपन्या बोलावतात. माणसं कामाच्या जागी एकमेकांशी कसं बोलतात, कुठं अडतात, काय गिळून टाकतात हे बघायचं आणि त्यावरून काम कसं सुधारेल ते सांगायचं, हे तुम्ही शिकवलेलं. त्यावर आता माझं घर चालतं. तेव्हा आमच्या विषयाला कुत्रं विचारत नव्हतं. माझ्या काकांनी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, बोलायलासुद्धा डिग्री लागते का हो? लागते, आणि तुमच्याकडं बघून तर ते फारच पटतं, असं तुम्ही म्हणालात आणि त्यांना आणखी चहा वाढलात. काका पुढं कितीतरी दिवस घुश्शात होते.

तो चहा मुकुंदवाडीच्या तुमच्या घरातला. स्टेशन इतकं जवळ की गाडी आली की बोलणं थांबवावं लागायचं. तुम्ही अर्ध्या वाक्यावर थांबायचात, गाडी जाऊ द्यायचात आणि वाक्य जिथं सोडलं तिथूनच उचलायचात. मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेय, तुम्ही तव्यावर धपाटे टाकताय, आणि एका हातात माझं पहिलं प्रकरण. कागदावर पिठाची बोटं उमटतायत. गंगापूरकडच्या एका सूतगिरणीत मी महिनाभर बसून आले होते. सूचनाफलकावरच्या सूचना कामगार का पाळत नाहीत, हा माझा प्रश्न, आणि कामगार उदासीन आहेत, हे माझं उत्तर. चांगली घोटून, जाडजूड शब्दांत लिहिलेली उदासीनता. तुम्ही वाचून संपवलंत, धपाटा उलटलात आणि विचारलंत, हे त्यांना वाचून दाखवलंस का? मी म्हटलं, कुणाला? तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की माझ्या हातातला धपाटा तसाच राहिला.

"ज्यांच्याबद्दल लिहिलंस त्यांना. त्यांच्या मालकाच्या हातात जायच्या आधी. ते न करता दिलंस तर त्याला संशोधन म्हणत नाहीत गं, चहाडी म्हणतात."

गाडी आली. ती गेल्यावर तुम्ही ताटलीत दही वाढलंत फक्त.

दुसऱ्या आठवड्यात काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन आपण दोघी गंगापूरकडं गेलो. तुमच्या मांडीवर एका अनोळखी बाईचं पोर झोपलेलं, माझ्या मांडीवर हे स्टूल. गिरणीच्या अंगणात कामगार कट्ट्यावर बसले आणि तुम्ही खाली, स्टुलावर. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचं बूड खाली पाहिजे, हा तुमचा नियम. मी वाचायला लागले. 'उदासीन' शब्द आला तसे ते भडकले, मग आपसातच भांडायला लागले, आणि त्या भांडणातून कळलं की फलक सुपरवायझरच्या खोलीला लागून होता. तिथं जो उभा दिसेल त्याला मेमो मिळाला असणार, असं सगळे धरून चालायचे. मग उभं राहणार कोण? फलक उचलून पिण्याच्या पाण्याच्या टाकीपाशी लावला गेला. एवढंच. पुढं सूचना वाचल्या जायला लागल्या, आणि त्यांच्याखाली कामगारांच्या हातचे खडूनं लिहिलेले प्रश्नही दिसायला लागले. माझं प्रकरण मी फाडलं आणि नव्यानं लिहिलं. पदवी मिळाली त्या दिवशी तुम्ही मला स्टूल दिलंत. शालीपेक्षा स्वस्त पडलं, असं म्हणालात.

आता ज्यासाठी बसले ते. बाई, लाज वाटते हो.

गेल्या वर्षी शेंद्र्याच्या एका कंपनीनं मला बोलावलं. गाड्यांचे सुटे भाग बनवतात. शिफ्ट बदलली की पहिल्या तासात माल खराब निघतो, का ते शोधा, असं काम. पाळी संपवणारा आणि पाळीवर येणारा यांच्यात काहीतरी सांगायचं राहतंय, हे त्यांचं त्यांनाही कळत होतं. एचआरचे साहेब तरुण, नम्र. मला काचेची केबिन दिली, फिरती खुर्ची दिली. स्टूल डिकीतच राहिलं. अशा ठिकाणी ते घेऊन जायला मला कसंतरीच वाटलं, खरं सांगते.

तिथं पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर काम करणारी एक बाई होती, करमाडची. माझ्याच वयाची. कितीतरी वर्षं ठेकेदाराच्या माणसांत, आणि आता तरी कंपनीत कायम करतील अशी तिला आशा लागलेली. सुरुवातीला ती मला मॅडम म्हणायची. मग एकदा डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर घातली आणि तेव्हापासून ताई म्हणायला लागली. तिनं मला दाखवलं की खरं बोलणं कुठं होतं. कंपनीची जी बस दुसऱ्या पाळीला घेऊन येते तीच पहिल्या पाळीला घेऊन जाते. उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, आणि त्या दाराच्या गर्दीत ती तिच्या मशीनवर येणाऱ्या पोराचा दंड धरून त्याला दोन शब्द सांगते. रजिस्टरात यातलं काही नसतं. मी विचारलं, रजिस्टरात का लिहीत नाही?

"लिवलं की ते माझ्या नावावर बसतंय, ताई. मशीन कुरकुर करतीय म्हणलं की सायेब म्हणतेत, तूच बिघडवली. म्हणून दारात सांगते त्याला, आज डावीकडून हात नको घालू. लेकरासारखा हाय तो."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. हेच तर शोधत होते. लिहून सांगण्यात धोका आहे म्हणून लोक तोंडी सांगतात, आणि तोंडी सांगायला कंपनीनं जागाच ठेवलेली नाही, म्हणून ते बसच्या दारात सांगतात. इलाजही सरळ होता. दोन्ही पाळ्यांना मशीनपाशी थोडा वेळ एकत्र द्यायचा, आणि बिघाड सांगणाऱ्याला दोष लावायचा नाही. मी रात्रंदिवस खपून अहवाल केला. तुम्ही वाचला असतात तर, बाई, पिठाची बोटं न लावता बाजूला ठेवला असतात, इतका चांगला झाला होता. फक्त तो वाचून दाखवायचा राहिला. मनात आलं होतं. पण साहेबांना घाई होती, पाळीच्या लोकांना एकत्र बसवायचं तर लाइन थांबवावी लागली असती, आणि मला ते मागायचा संकोच वाटला.

सादरीकरणात मी तिचं वाक्य जसंच्या तसं पडद्यावर टाकलं. नाव नाही, कारण मी तिला शब्द दिला होता. खाली फक्त एवढंच, की प्रेस विभागातली, करमाडची महिला कामगार. प्रेस विभागात करमाडची बाई एकच. वाक्य वाचून सगळे हसले, अगदी मायेनं हसले, कुणीतरी तिचं नावही घेतलं. शब्द मोडला हे मला तेव्हाच कळलं. पण टाळ्या वाजल्या आणि मी पुढच्या स्लाइडवर गेले.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. अहवालातलं त्यांनी सोयीचं तेवढं घेतलं. बस आता फाटकाबाहेर थांबते, उतरणारे एका दारानं आत आणि जाणारे दुसऱ्या दारानं बाहेर, म्हणजे परस्पर बोलणं बंद. मशीनवर टॅब लावलाय, त्यात बिघाड भरायचा, भरणाऱ्याच्या नंबरासकट. आणि नियम डावलून तोंडी माहिती देते, असा शेरा मारून तिला ठेकेदारानं घरी पाठवलं. यातलं मला कुणी कळवलं नाही. तिचाच फोन आला. मी तेव्हा दुसऱ्या एका कंपनीत, खुल्या संवादावरच बोलून बाहेर पडत होते. हसू नका.

ती ओरडली नाही, रडली नाही. आधी माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. मग म्हणाली, "तुमी नाव दिलं नाय, ते मला ठावं हाय, मॅडम. एक डाव सायबाला सांगा तेवढं. 'बाई आपणहून बोलली नाय, म्या इचारलं म्हणून बोलली,' असं."

मॅडम म्हणाली ती, बाई. चटणीच्या आधीसारखं.

मी म्हटलं, बघते. हा शब्द माझ्या एका स्लाइडवर आहे. वरच्यांनी 'बघतो' म्हटलं की खालच्यांनी विषय संपला असं समजायचं असतं, हे मी वर्षानुवर्षं मॅनेजर लोकांना शिकवत आलेय, उदाहरणं देऊन, नकला करून. आणि तिला मी नेमकं तेच म्हटलं, अगदी त्याच सुरात.

नंतरच्या आठवड्यात साहेबांची भेट होती. पुढच्या टप्प्याचं काम मलाच द्यायचं ठरलंय, म्हणाले. तुमच्या अहवालामुळेच सुधारणा झाली मॅडम, असंही म्हणाले, आणि त्यात थट्टा नव्हती, खरंच म्हणाले. मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, आरशासमोर म्हणून आले होते. निघालं काय, तर सूचनांच्या अंमलबजावणीबाबत काही निरीक्षणं नोंदवता येतील. ते म्हणाले, जरूर, मेल करा. मी चहा घेतला. त्यांचा चहाही चांगला असतो. ती करमाडची बाई मी विचारलं म्हणून बोलली, तिला परत घ्या, एवढं बोलायला किती अक्कल लागते? माझ्याकडे तर त्याची डिग्री आहे. मेल अजून केलेला नाही. उद्या करारावर सही करायला बोलावलंय.

काल मात्र मी करमाडला गेले. माझी अगदीच गय करू नका, पण गेले होते हे ऐका. जालना रोडला लागले, शेंद्रा मागं टाकलं. कुणाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून रस्त्याकडेला पेरू घेतले, चांगले निवडून निवडून. घर विचारत विचारत गल्लीच्या तोंडाशी पोचले. ती उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. शेजारीण काहीतरी सांगत होती आणि ही मान हलवत होती, लोकांचं ऐकताना मी हलवते तशी नव्हे, खरंच ऐकत असल्यासारखी. मी काच खाली केली. डिकी उघडावी, स्टूल काढावं, तिच्या समोर खाली बसावं, अहवाल वाचून दाखवावा, आणि मग ती जे बोलेल ते ऐकावं. एवढंच तर करायचं होतं. दारं मी आतून लॉक केलेली, ती मी उघडलीच नाहीत. गाडी मागं घेताना एका म्हशीला हॉर्न दिला तेव्हा उंबऱ्यातून तिनं मान वर करून पाहिलं. मला ओळखलं की नाही, ठाऊक नाही. ओळखलं नसावं असं मी घरापर्यंत स्वतःला सांगत आले.

आज दुपारपासून हे लिहितेय आणि आता वरपासून वाचून बघितलं. तुम्ही काय म्हणाल ते मला इथं बसूनही ऐकू येतंय. तिच्याबद्दलचं सगळं, तिचं बोलणं, तिची चटणी, तिचा उंबरा, पुन्हा मी दुसऱ्याच कुणाला तरी सांगितलंय. तिला नाही. तुम्ही तर उलटून एक शब्दही बोलणार नाही, म्हणूनच तुम्हाला निवडलं असणार. हे पत्र तुमच्या पत्त्यावर जाण्यातलं नाहीच. तुमच्या नियमानं बघितलं तर ते आधी करमाडला जायला पाहिजे, मोठ्यानं वाचलं जायला पाहिजे, आणि उद्याच्या सहीच्या आधी. स्टूल आणून स्वयंपाकघरात ठेवलंय. इथं शेवटी 'बघते' असं लिहिलं होतं, ते खोडलंय. त्याच्या जागी काय लिहावं ते सुचत नाहीये.

आणि बाई, ते पेरू. काल घरी आल्यावर मीच खाल्ले, ओट्यापाशी उभ्यानं, मीठ-तिखट लावून. सगळे. फार गोड निघाले.