संचालक झालेल्या भावास

प्रिय आदिनाथ,

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना अक्काला कागद कशाला लागला, म्हणशील. पण तुझा फोन आता तुझा असिस्टंट उचलतो. ‘डायरेक्टर सर मीटिंगमध्ये आहेत मॅडम, निरोप ठेवू का?’ मी म्हणाले, ठेव. सांग त्यांना, लहानपणी ज्या बहिणीनं त्यांचं शेंबडं नाक पुसलं, तिचा फोन होता. त्यानं ‘ओके मॅडम’ म्हणून ठेवून दिला. निरोप तुझ्यापर्यंत आला का नाही, देव जाणे.

आधी घरचं सांगते. आई बरी आहे. बोरीत ऊन तापायला लागलंय, तरी दुपारची शेरडांमागं जातेच, ऐकत नाही. काळ्या शेळीला दोन पिल्लं झालीत. परवा मी गेले तेव्हा एक पिल्लू मांडीवर घेऊन बसली होती आणि तुझंच बोलत होती. गावातलं कुणीतरी तिला परभणीला घेऊन आलं होतं, स्टँडासमोरचा तुझा फ्लेक्स दाखवायला. कोट घातलेला तू, हाताची घडी, खाली ‘फुटबॉल क्लबचे नवनियुक्त स्पोर्टिंग डायरेक्टर’. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती म्हणे, माझं लेकरू हाय ते. मला विचारलं, “संचालक म्हंजी काय गं? मालक का?” मी म्हणाले, मालक नाही गं आई. पुढचं वाक्य ओठावर आलं होतं, ते गिळलं. तुझ्याबद्दलचा राग तिच्यासमोर काढणार नाही, एवढं तरी माझ्याकडून होईल.

मलाही तुझ्या नेमणुकीचं त्या फ्लेक्सवरूनच कळलं, आदिनाथ. शाळेतून स्कूटीवर येत होते. गाडी बाजूला घेऊन बघतच राहिले. आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, आपला माणूस आला. आता माझ्या टीमच्या पोरींना नीट बूट मिळतील, नेट मिळेल, बाहेरच्या स्पर्धांना जाता येईल. संध्याकाळी पोरींना पेढे वाटले. आमची गोलकीपर पंचफुला, तिनं विचारलं, “मॅडम, तुमचा भाऊ मला पेनल्टी अडवायला शिकवंल का?” मी म्हणाले, का नाही शिकवणार? तो स्वतः पुण्याच्या मोठ्या टीममध्ये पेनल्टी मारायचा.

मग तुझा पदग्रहण समारंभ झाला. तू स्टेजवरून काय बोललास, आठवतं? म्हणालास, “परभणीत फुटबॉल नव्हताच. इथं आपल्याला शून्यापासून सुरुवात करायची आहे.” टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत सांबप्पा बसले होते. कपाळाला विभूती, अंगात नवा शर्ट, तुझ्यासाठी मुद्दाम घातलेला. मोंढ्याच्या बाजारातलं बारदान्याचं, पोत्या-सुतळीचं दुकान अर्ध्या दिवसात बंद करून आलेले. ज्या माणसानं आपल्या दुकानातल्या सुतळीनं या गावातलं पहिलं गोलाचं जाळं स्वतः बसून विणलं, तो माणूस शून्य? तू खेळायला बोरीहून एसटीनं यायचास, शेवटची गाडी चुकली की त्यांच्याच दुकानात पोत्यांच्या थप्पीवर झोपायचास. त्यांची बायको भागम्मा सकाळी तुला भाकरी बांधून द्यायची. तीही शून्य? मी त्यांच्याकडे बघितलं. ते टाळ्या वाजवत होते. बाहेर आल्यावर मी बोलायला लागले तर मलाच म्हणाले, “आसू दे गं पोरी. लय लोकं समोर बघून बोलताना इसरलं आसंल लेकरू.” तुझी बाजूसुद्धा तेच घेतात. म्हणून मला जास्त चीड येते.

ते मी सोडून दिलं असतं. भाषणात माणूस वाहवतो. पण पुढच्याच आठवड्यात आम्ही ग्राउंडवर गेलो तर गेटाला कुलूप. आत मुलांची नवी अॅकॅडमी चालू, नवे प्लॅस्टिकचे कोन, नव्या जर्सी. बाहेर माझ्या पोरी, कुणी सोनपेठकडून दोन गाड्या बदलून आलेली, कुणी हॉस्टेलवरून चालत. बन्सीधर, कित्येक वर्षांचा वॉचमन, माझ्याकडे बघेना. “मॅडम, संध्याकाळचा टाइम आता पोरांचा. तुमचा दुपारी बारा ते दोन. साहेबाचा हुकूम हाय, मी काय करू?” बारा ते दोन! परभणीच्या मार्चात! तू इथंच वाढलास ना? त्या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. तिथं पोरींनी पळायचं, आणि कॉलेज बुडवून यायचं.

मी क्लबच्या कमिटीकडे गेले. अध्यक्ष दत्तराव म्हणाले, “आमच्या हातात काही नाही, ताई. खेळाचं सगळं डायरेक्टर बघतात.” मग तुझा मेसेज आला, इंग्रजीत. पहिली काही वर्षं पुरुषांच्या टीमवर लक्ष, मुलींचा विचार पुढच्या टप्प्यात. टप्पा! सतरा वर्षांच्या पोरीला कोणता टप्पा असतो रे? तुला गावाकडचं माहीत नाही असं नाही. तिच्या आयुष्यात पुढच्या टप्प्याला हळदच लागते.

तरी आम्ही खेळणं थांबवलं नाही. स्टेशनच्या मागं मोकळं रान आहे, तिथं गेलो. बाभळीचे काटे वेचले. विटा ठेवून गोल केले. सांबप्पा दुकान बंद करून यायचे, एका दगडावर बसून ओरडायचे, “मागं बघ गं, मागं!” पण काट्यानं बॉल फुटला, एकीचा पाय सुजला, आणि रोज कट्ट्यावर बसून शिट्ट्या मारणारी टोळी जमायला लागली. एकेक पोरगी कमी होऊ लागली. घरचे विचारतात, क्लबचं ग्राउंड सोडून रानात काय करता? मी काय उत्तर देऊ? क्लबानं काढलं म्हणून? क्लब म्हणजे कोण, विचारतील. माझाच भाऊ, सांगू?

पंचफुलाबद्दल तुला नीट सांगायला हवं. तू तिला पाहिलेलं नाहीस. सोनपेठच्या पुढं, गोदावरीच्या कडेच्या गावातली. बाप सूर्यभान, आपल्यासारखाच मेंढरांमागं फिरणारा. गोलमध्ये उभी राहिली की वाटतं, हिला कुणीतरी त्या दोन खांबांसाठीच घडवलंय. भिडस्त आहे, बोलताना पायाच्या अंगठ्यानं माती उकरते. पण बॉल आला की अंग झोकून देते. निवड चाचणीला राज्य संघाच्या मॅडमनी तिचं नाव विचारून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिला स्थळं यायला लागली तेव्हा मी सूर्यभानकडे गेले होते. झाडाखाली बसून दिवसभर बोललो. शेवटी तो म्हणाला, “ठीक हाय मॅडम. टीम हाय तवर मी कुनाला दारात उभं करनार न्हाई.” शब्दाला पक्का माणूस. आजवर पाळला.

गेल्या आठवड्यात ती प्रॅक्टिसला आली नाही. मी गावी गेले. सूर्यभाननं चहा दिला, मान वर केली नाही. म्हणाला, “मॅडम, तुमी वाईट वाटून घेऊ नका. आता टीमच न्हाई म्हनायलेत लोकं. मग मी कशाच्या नावावर थांबू? भावकी रोज टोचायली मला.” मी म्हणाले, टीम आहे, मी आहे ना. तर म्हणाला, “तुमच्या हातात काय हाय आता?” पोरगी चुलीपाशी बसून होती. माझ्याकडे बघून हसली, आणि मग बघितलंच नाही.

काल दत्तराव घरी आले. हातात पत्रिका. येत्या रविवारी माझा सत्कार. ‘महिला फुटबॉलच्या आधारस्तंभ बबिता मॅडम यांचा निरोप समारंभ’, तुझ्या हस्ते शाल-श्रीफळ. निरोप! मी राजीनामा दिलेला नाही, कुणी मागितलेलाही नाही. थेट पत्रिकाच छापली. माणसाला काढून टाकायचं तर आपल्याकडे अंगावर शाल टाकतात, म्हणजे त्याला ओरडता येत नाही. हे तुला कुणी शिकवलं? मी दत्तरावांना सांगितलंय, मी येणार नाही. राजीनामाही देणार नाही. काढायचं असेल तर तुझ्या नावानिशी, तुझ्या तोंडानं काढ. तेही मी ऐकून घेईन आणि नंतर भांडेन.

पण माझ्यासाठी मी हे पत्र लिहिलं नसतं. रविवारीच पंचफुलाला बघायला पाहुणे येणार आहेत. पसंत पडली तर पंधरवड्यात उरकायचं ठरलंय. अजून अठराची नाही. पोलिसांत जा म्हणणारे भेटले मला, आणि वेळ आली तर जाईनही. पण त्या घराचं दार मग तिला कायमचं बंद होईल. त्या दिवशी त्याच्या घरून निघताना मी सूर्यभानला विचारलं, कुणाचं ऐकशील तू? तो म्हणाला, “आदिनाथरावानं येऊन सांगितलं, टीम हाय म्हनून, तर भावकीला मी तोंड दीन. त्यो आमच्यातला हाय, मोठा झालाय.” माझी इतकी वर्षं त्या माणसाला पुरली नाहीत, तुझा एक फ्लेक्स पुरला. राग येतो, पण तो बाजूला ठेवून तुझ्याकडे मागते आहे. रविवारी स्टेज सोडून माझ्याबरोबर सोनपेठच्या गाडीत बस. आणि खोटं बोलायला येऊ नकोस. टीम आहे असं सांगायचं तर आधी संध्याकाळचं ग्राउंड पोरींना परत देऊन ये. मी सकाळी सातला स्टँडवर असेन. तू आलास तर दोघं जाऊ. नाही आलास तर मी एकटी जाणारच आहे, पण मग सूर्यभाननं तुझ्याबद्दल विचारलं तर मी काही झाकणार नाही.

तुझीच, रागावलेली,
अक्का