माझं पहिलं बाळंतपण, वय वर्षे चौपन्न

लोहारा, जि. उस्मानाबाद
फेब्रुवारी १९८७

प्रिय महादेवीस,

तुझ्या जाईचा वाकून नमस्कार. (वाकून का, ते पुढं येईलच. हल्ली मी सगळ्यांनाच वाकून नमस्कार करते, दुसरा प्रकार जमत नाही.)

शनिवारची संध्याकाळ, हैदराबादच्या आपल्या बोर्डिंगचा मागचा व्हरांडा, आणि रविवारच्या पाहुण्यांसाठी इस्त्री केलेला माझा स्कर्ट अंगात जातो की नाही याची रंगीत तालीम. तू माझ्या पाठीला गुडघा लावून दोन्ही हातांनी पट्टा ओढायचीस, मी श्वास आत घेऊन भिंतीवरच्या मेरीमातेकडं बघत उभी राहायची, आणि हूक एकदाचा लागला की तू बजावायचीस, ‘आता हसू नकोस.’ परवा पुण्याच्या डॉक्टरांनी घरी सोडताना मला नेमकं हेच सांगितलं. शिंक आली तर उशी पोटाशी धरा, जड उचलू नका, आणि हसू नका. मला तुझी इतकी आठवण झाली की डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं टाके दुखताहेत, म्हणून त्यांनी आणखी एक गोळी लिहून दिली.

तुझ्या चन्नबसप्पांचा दमा थंडीत वर आला असेल, त्यांना माझा नमस्कार सांग. सुनेला दूध पुरतं ना? नातीचं जावळ दाट आहे असं तू लिहिलंस, म्हणजे ती तुझ्यावर गेली. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तू ते वाचू नकोस.

बारशाचं तुझं पत्र मिळालं. तुझ्या मुलाला बहीण नाही, म्हणून आत्याच्या जागी उभं राहून नाव मीच कानात सांगावं, असं तू लिहिलंस. ती ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. आमच्या गावात बारशाला मला मानानं बोलावतात, पुढच्या सतरंजीवर बसवतात, आणि पाळण्याच्या दोरीला माझा हात लागायच्या आत कुणीतरी म्हणतं, ‘वैनी, तुमी बसा, दमला असाल.’ तीस वर्षं मी प्रत्येक पाळण्याजवळ दमलेली आहे. पण महादेवी, मला येता येणार नाही. का, ते सविस्तर लिहिते, कारण पाठीवर पडून दुसरं काही करता येत नाही.

मी केवढी होते ते तुला ठाऊक आहे. एस.टी.त अनोळखी बायका मला जागा द्यायच्या आणि प्रेमानं विचारायच्या, कितवा? सुरुवातीला मी खरं सांगायची, मग त्या बिचाऱ्या खिडकीबाहेर बघत बसायच्या, म्हणून पुढं पुढं मी ‘सातवा’ म्हणायला लागले. सासूबाईंना तर मी जाड होत गेले तशी आशा वाटत गेली, आणि त्या आशेवरच त्या गेल्या. मग गुडघे गेले, साखर आली, आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं की वजन उतरवा नाहीतर आटोपा. मी अर्ध्या भाकरीवर आणि ताकावर आले. भाजीत तेल दिसलं की भाजी बाजूला. तीन वर्षांत निम्मी झाले. पण कातडीला कुणी कळवलंच नव्हतं. लग्न आटोपलं, वऱ्हाड गेलं, आणि मांडव तसाच लोंबत राहिला, असं माझं पोट झालं. घड्यांखाली घामानं कातडी सोलायची, आणि टँकरच्या दोन घागरींत अंघोळ उरकायची, तिथं घड्या उलगडून कोण धुणार? कोळशाच्या राखेवर निजल्यासारख्या मी रात्री काढल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, हे कापून टाकता येतं. (खरं सांगू? मला माझी पावलं उभ्यानं बघायची होती. एवढीच चैन.)

आता आमचे हे. नानासाहेब सोसायटीचे चेअरमन, आणि दुष्काळात चेअरमनची बायको बारीक होते आहे याच्याइतकं सोन्यासारखं भांडवल कुठल्या चेअरमनला मिळालंय? गुरांच्या छावणीच्या उद्घाटनाला मला शेजारी उभं करून हे म्हणाले, ‘माझ्या घरातसुद्धा अर्ध्या भाकरीवर माणसं आहेत!’ टाळ्या पडल्या. खोटं काहीच नव्हतं, फक्त भाकरी डॉक्टरांनी अर्धी केली होती. पण त्याच बायकोची लोंबती कातडी कापायला पुण्याला न्यायचं, तेही मतदान महिन्यावर आलेलं असताना, म्हणजे पंचाईत. समोर उभा राहिलाय बब्रुवान, आणि त्याची जीभ आमच्या विळीपेक्षा धारेला चांगली. तेव्हा ह्यांनी गावात सांगून टाकलं की पोटात गोळा होता, तो काढला. माझ्यापाशी म्हणाले, ‘मतं पडेपर्यंत तू जरा आजारी राहा.’ जसं काही मी बरी होते! शेवटच्या सभेला मला शालीत गुंडाळून खुर्चीवरून न्यायचं ठरलंय. मी काही बोलायचं नाही, नुसतं दिसायचं.

घरात खरं ठाऊक असलेल्या तिसऱ्या म्हणजे वन्सं, धुरपदाबाई, ह्यांच्या थोरल्या बहीण. लवकर विधवा झाल्या, माहेरी आल्या, आणि निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांच्या हातावर झाली. प्लास्टिक सर्जरी केली म्हणताच त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

‘प्लास्टिक आत घातलंय का भाईर?’

‘काही घातलं नाही, वन्सं. उलट काढलंय.’

‘काढल्याव बी प्लास्टिकच म्हनत्यात? आन् उन्हात बसलीस तर?’

आपल्या सिस्टर आग्नेसनी मला इंग्रजी कविता शिकवल्या, हे नाही शिकवलं. वन्संनी मग स्वतःच्या अकलेनं घ्यायचं ठरवलं. त्यांच्या हिशेबी बाईचं पोट हलकं व्हायचा प्रकार जगात एकच, आणि त्यावरचा इलाजही एकच. दवाखान्यातला पट्टा (दोन नळ्या आणि त्यांच्या बाटल्या काढल्यावर माझ्याबरोबर एवढाच दागिना आला होता) त्यांनी ‘घोड्याचा तंग’ म्हणून खुंटीला टांगला आणि स्वतःचं जुनं मऊ नऊवारी लुगडं फाडून माझं पोट बांधलं. पाठीला गुडघा लावून, महादेवी! मी मेरीमातेला शोधत होते, समोर सोसायटीचं कॅलेंडर होतं. मग कानाला फडकं आलं, बाजेखाली शेगडी आली, ओव्याची धुरी आली. डिंक तुपात फुलवून लाडू झाले. तीन वर्षं मी ज्या तुपाकडं बघितलं नव्हतं ते तूप आता सकाळ-संध्याकाळ वाटीनं. नको म्हटलं तर म्हणायच्या, ‘गप खा. कंबर धरंल न्हायतर.’ आणि डॉक्टरांनी बेंबी नव्या जागी बसवलीय (आईनं दिलेली तेवढी एक जागा हक्काची होती, तीही सरकवली), हे कळल्यावर वन्सं तेलाची वाटी घेऊन आल्या आणि नव्या बाळाच्या बेंबीत सोडतात तसं बोट टेकून तेल सोडू लागल्या. म्हणजे बाळंतीण मीच आणि बाळही मीच. घरात माणसं कमी असली की असं होतं.

कमरेत वाकूनच चालायचं, कारण कातडी ताणून शिवलीय. दारात आले की येणाऱ्याला वाटतं मी नमस्कार करते आहे. गावभर झालं की दुखण्यानं चेअरमनीण नरम पडली, पूर्वी मान हलवायची नाही, आता हमालालासुद्धा वाकते. ह्यांना फार आनंद झाला. म्हणाले, आणखी थोडे दिवस अशीच चाल.

आणि मग माकणीहून पुतळाबाई आली. जमीन धरणात गेलेली, वयानं माझ्याएवढीच म्हातारी, सोसायटीची जुनी सभासद. तिच्या कानावर एवढंच गेलं होतं की चेअरमनीणबाई बाजेवर आहे, पोट बांधलंय, घरात डिंक कुटतायत. गोळ्याची बातमी माकणीला पोचली नव्हती. (ह्यांचा प्रचार तिकडं कच्चा आहे.) ती खडी फोडायच्या कामावर खाडा करून, दोन एस.ट्या बदलून आली, पाय धुतले, आणि पिशवीतून काढली तान्ह्या बाळाची हिरव्या खणाची कुंची. हातानं शिवलेली, कडेला पिवळी पट्टी, आत जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर. माझ्या उशाशी ठेवली, मला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले. म्हणाली, ‘उशिरा का व्हईना, देवानं ऐकलं, बाय.’ आणि इकडंतिकडं बघून हळूच वन्संना विचारलं, ‘प्वार कुठं हाय?’

मला हसू यायला लागलं होतं. उशी पोटाशी धरली होती. टाक्यांचं काय होईल ते होईल, असं ठरवून मी वन्संकडं बघितलं. त्या शेगडीतले निखारे सारखे करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘आत निजलंय. उठवाय नगं.’

पुतळाबाई ‘व्हय, व्हय, निजू द्या’ म्हणाली आणि तेव्हापासून जाईपर्यंत कुजबुजतच बोलली. बाळ उठू नये म्हणून. मीही कुजबुजत बोलले. त्या तासाभरात मला हसू आलं नाही, आणि टाके मात्र खूप दुखले. ती गेल्यावर मी वन्संना विचारलं, असं का सांगितलंत? म्हणाल्या, ‘येवढ्या लांबनं आलीया. मोकळ्या हातानं कशी लावून देऊ?’ आणि धुरी विझली म्हणून आत निघून गेल्या.

पुढचं तू ओळखलंच असशील. पुतळाबाई एस.टी.त बसली, आणि लोहारा ते माकणी गप्पांना भरपूर वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी बब्रुवान पारावर म्हणाला, ‘चेअरमनच्या घरात गोळाच झाला म्हणं, नाक-डोळे असल्याला!’ आमचे हे घरी येऊन थरथरले. गोळा, बाळ, की प्लास्टिक, यातलं एक काहीतरी निवडून त्याला चिकटून राहणं भाग होतं, आणि ह्यांनी पुन्हा गोळाच निवडला. आता सभेला मी जायलाच हवं, चेहरा उतरलेला हवा, आणि तोपर्यंत घराबाहेर पाऊल नको. ती सभा आणि तुझ्या नातीचं बारसं एकाच दिवशी आहेत. मी म्हटलं, एका पोरीच्या कानात नाव सांगायचंय हो. हे म्हणाले, ‘अगं, नाव कुणीही सांगेल. खुर्चीवर तुझ्याशिवाय कोण बसणार?’ तीस वर्षांत माझ्याशिवाय अडतं असं ह्यांना पहिल्यांदाच वाटलं, आणि तेही मी आजारी दिसावं म्हणून.

तेव्हा माझी वाट बघू नकोस. पोरीला माझा आशीर्वाद दे. पुतळाबाईची कुंची कुणाच्या तरी हाती पाठवते, ती तिला घाल. माझ्याकडं तिचा उपयोग काय? गोड मानून घे.

तुझीच,
जाई

ता.क. वरचं सगळं खरं आहे, फक्त येत नाही एवढं सोडून. पत्र वन्संना दाखवलं (म्हणजे वाचून दाखवलं, शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही). त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘सभंला म्या बसते की खुर्चीव. तोंडावर शाल घेतली की कुनाचं पोट दुकतंय ते कोन बघाय येतंय?’ अंगानं आम्ही आता सारख्याच झालोय. तेव्हा तुझ्याकडं खरं काम हे, की चन्नबसप्पांची जीप आदल्या दिवशी पहाटेच उमरग्याच्या स्टँडपर्यंत पाठव. तिथवर कशीबशी येईन, पुढं एस.टी.त टाके उसवतील. आणि तू स्वतः ये. नव्या साडीचा परकर आवळायचाय, गुडघा तुझाच लागेल.

ता.क. दुसरा. तुझ्याकडं मी किती दिवस राहीन ते ह्यांच्या तोंडावर अवलंबून आहे, म्हणून वाटण्या सांगून ठेवल्यात. तुझ्या कानावर असू दे, कारण वन्सं विसरल्या तर तूच साक्षीदार. डिंकाचे लाडू बब्रुवानच्या सुनेला. ती खरोखरची बाळंतीण आहे आणि दुष्काळात त्या घरी तूप कुठलं? माझे जुने झंपर छावणीवरच्या बायांना, एकातून दोन सहज निघतील. लग्नातला हिरवा शालू पुतळाबाईला, आणि तिनं बाळाबद्दल विचारलं तर बरं आहे म्हणावं. दवाखान्यातला पट्टा ह्यांना, मतमोजणीच्या दिवशी पोट धरून ठेवायला. शाल वन्संना, ती त्यांनी त्या खुर्चीवर कमावलेली असेल.

कुंची पाठवत नाही. तुझ्या नातीला मी नवी शिवून आणते. ही माझ्या नावानं आली आहे.